शंभर मायक्रॉनची पट्टी

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढरी आडवी पट्टी होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात 'शंभर मायक्रॉन' असं लिहिलेलं होतं. चित्रातला काचेचा तुकडा त्या पट्टीच्या लांबीपेक्षा किंचित बारीक होता. किंचित म्हणजे किती, हे तिने आधी नुसत्या नजरेने अजमावलं. मग टेबलावरची प्लास्टिकची मोजपट्टी उचलून सरळ संगणकाच्या पडद्याला लावली. पांढरी पट्टी वीस मिलिमीटर भरली, तुकड्याची जाडी सोळा. तिने मोजपट्टी उचलली, ओढणीच्या टोकाने पुसली, परत लावली. सोळाच. हे गणित शाळेतली मुलगी तोंडी करेल, तरी तिने ते एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर मांडलं, कारण मांडेपर्यंत उत्तर थोडं लांब राहतं. ऐंशी. जमिनीखालून आणि समुद्राखालून जे ऑप्टिकल फायबर अंथरलेलं असतं, त्यातली काच सव्वाशे मायक्रॉन जाडीची असते. तसला तुकडा पट्टीपेक्षा जाड दिसला असता. हा बारीक होता. आणि या इमारतीत ऐंशी मायक्रॉनचं फायबर एकाच माणसाने, एकाच वर्षी वापरलं होतं. ते माणूस आत्ता मोजपट्टी हातात धरून बसलं होतं. स्लाइडचा क्रमांक सात होता. वर ठळक अक्षरात मथळा होता : 'माझी चूक'. मथळा तिने लिहिलेला नव्हता.

बुधवारची सकाळ होती, अकराचा सुमार. खिडकीखालच्या हिरवळीवर माळी पाण्याची नळी ओढत होता आणि जिन्यावरून विद्यार्थ्यांचा एक घोळका धडधडत खाली गेला. तिने कॉफीचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ओठांना लावून खाली ठेवला. विभागात दर गुरुवारी चार वाजता 'प्रकाश आणि संगणन' या मालिकेतलं व्याख्यान व्हायचं. मालिका तिनेच सहा वर्षांपूर्वी सुरू केली होती. मोठमोठे वक्ते येऊन गेले. कुणी सांगून गेलं, की पुढे संगणक विजेऐवजी प्रकाशानेच आकडेमोड करतील. कुणी हजारो यंत्रांनी भरलेल्या खोल्यांची चित्रं दाखवली आणि एका यंत्राचं म्हणणं दुसऱ्याला किती झटपट कळतं ते समजावलं. सगळ्यांच्या चित्रांत फायबर म्हणजे एक सरळ निळी रेघ. ती रेघ मध्येच कुठेतरी जोडलेली असते, तो जोड कुणीतरी मान मोडून केलेला असतो, हे कुणाच्याच स्लाइडवर नव्हतं. म्हणून या वर्षीचं शेवटचं व्याख्यान लॅबच्या तंत्रज्ञांचं ठेवू या, असं तिने सुचवलं. विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलले. "टाकेकाका? अहो, ते बोलतील का? त्यांच्या तोंडून 'हं' काढायला अर्धा तास लागतो." "तीस वर्षं आपण बोलतोय आणि ते ऐकताहेत," ती म्हणाली होती, "एकदा उलटं होऊ द्या." सगळे हसले, ठरलं, आणि बैठकीतून बाहेर पडताना एक सहकारी म्हणाला, "तुमचं मन फार मोठं आहे हं." हे वाक्य तिच्या सवयीचं झालं होतं. ते ऐकलं की तिच्या मानेच्या मागे, केस संपतात तिथे, काहीतरी बारीक टोचल्यासारखं व्हायचं.

टाकेकाका हे त्यांचं नाव नव्हे. फायबरची दोन टोकं समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायची, हे त्यांचं काम. त्यांचा जोड इतका सफाईदार असे, की जुन्या एका प्राध्यापकांनी त्यांना काचेचा शिंपी म्हटलं. पुढे टाके घालणारे काका आणि मग नुसते टाकेकाका. कचेरीतल्या नव्या कारकुनाने तर ते आडनाव समजून एकदा पत्रावर लिहिलं आणि काकांनी ते पत्र बिनतक्रार सही करून घेतलं. जोडायच्या आधी फायबरचं टोक कापावं लागतं आणि प्रत्येक वेळी कापलं की काचेचा एक उघडा तुकडा उरतो. केसाएवढा. पांढऱ्या कागदावर तो दिसत नाही, बोटात शिरला तर कळत नाही. म्हणून टेबलावर काळी मॅट, बाजूला पिवळ्या झाकणाची बाटली. या लॅबमध्ये त्याच्याही पुढे एक रीत होती. काम संपलं की जोडणाऱ्याने उभं राहून किती टोकं कापली ते मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने चिमट्याने बाटलीतले तुकडे मोजायचे, आणि मोजणाऱ्याने म्हणायचं, 'चौदा कापले, चौदा बाटलीत.' आकडे जुळल्याशिवाय खोलीचं दार उघडायचं नाही. उपाहारगृहात पोरं त्याची नक्कल करत : "चार मागवले, चार पोटात!" पण लॅबमध्ये कुणी हसत नसे. ही रीत कुठल्या पुस्तकातली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी टाकेकाकांनी ती पाडली होती, का पाडली हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकोणीस वर्षं तीही इतरांसारखीच उभी राहून आकडे सांगत आली होती. रीत पडायच्या आधीपासून मोजणारी या इमारतीत ती एकटी होती, एवढंच काय ते कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी ती सत्तावीस वर्षांची होती. संशोधनाचं शेवटचं वर्ष. तिच्या सरांनी खास तिच्या कामासाठी ऐंशी मायक्रॉनच्या फायबरचं एक रीळ मागवलं होतं आणि ती ते जिवापाड जपायची. सकाळपासून तिने अकरा टोकं कापली. तेव्हा तुकडे मोजायची पद्धत नव्हती. तिला मात्र खोडच होती. जिन्याच्या पायऱ्या, बसचे थांबे, समोरच्या माणसाच्या शर्टाची बटणं, ती काहीही मोजायची. वहीत लिहिलं : अकरा. बाटलीतले मोजले : दहा. तिने टेबलावरचा दिवा तिरपा केला, कारण तिरप्या उजेडात काच चमकते. चिकटपट्टीचा गोळा करून मॅटवरून फिरवला. गुडघे टेकून खालची फरशी पाहिली, बाह्या झटकल्या. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दोनच्या आत एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवायचा होता आणि त्यातलं शेवटचं वाक्य काही केल्या बसत नव्हतं. ते वाक्य तिला आजही पाठ आहे; त्या निबंधाचं पुढे कुणी नावसुद्धा घेतलं नाही. दारात टाकेकाका उभे होते, बोटाला सहा वर्षांची मुलगी. शाळेला सुट्टी, घरी काकूंची आई आजारी, म्हणून पोरीला सोबत आणलेली. "ताई, झालं का तुमचं? बसू का मी?" तेव्हा ते तिला ताई म्हणत. "बसा ना काका, टेबल मोकळं आहे." मी मोकळं म्हणाले, साफ आहे असं नव्हते म्हणाले, हा युक्तिवाद तिने पुढे मनाशी इतक्यांदा केला, की त्याची तिला शिसारी यायला लागली. मुलीला जोडयंत्रातली ठिणगी बघायचं वेड होतं, म्हणून बापाने तिचं नावच ठिणगी ठेवलं होतं. जुन्या यंत्राच्या झाकणाला टिचभर खिडकी होती. तिच्यातून नीट दिसावं म्हणून मुलगी खुर्चीत गुडघ्यांवर बसली आणि तिने उजवा गाल काळ्या मॅटवर टेकवला. हे तिने स्वतः पाहिलेलं नव्हतं. ती तेव्हा वरच्या मजल्यावर वाक्य जुळवत होती. पण काकांनी ते पुढे इतक्यांदा सांगितलं, की आता तो गाल तिला तिच्या स्वतःच्या आठवणीसारखा दिसतो, मॅटवर टेकलेला, किंचित दबलेला, आणि तोंड आश्चर्याने उघडं.

सोमवारी काका म्हणाले, "पोरीचा डोळा लाल झालाय. डॉक्टर म्हणाले, डोळे आलेत. साथ आहे म्हणे." तिच्या हातात चिमटा होता. आत कुठेतरी अकरा आणि दहा हे दोन आकडे शेजारी शेजारी उभे राहिले. "होईल बरं," ती म्हणाली. मंगळवारी डोळा सुजला. बुधवारी डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात काही गेलं होतं का. काकांनी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. पाण्याने भरलेल्या डोळ्यात पारदर्शक काच. धूळ शोधणाऱ्याला ती दिसत नाही. शुक्रवारी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा उजेड तिरपा केला, तेव्हा बुबुळावर एक रेघ चमकली. तीन मिलिमीटरची. तोवर आत पू धरला होता. डोळा राहिला, पण त्याच्यावर कायमचा पांढरट डाग आला, आणि त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार यांच्यापलीकडे फारसं काही कळत नाही. काका, एक तुकडा सापडला नव्हता. सोमवारी एवढं म्हणाली असती, तर सोमवारीच कुणीतरी काच शोधली असती. पाच शब्द. तिने तेही मोजले होते. आणि ते का म्हटले नाहीत, याचं उत्तर शोधायला गेलं की तिथे एखादी मोठी भीती सापडावी असं तिला फार वाटे. सापडायचं ते अगदी क्षुल्लक. सर रागीट नव्हते. पदवी कुणी काढून घेणार नव्हतं. ती सगळ्यांत काटेकोर मुलगी म्हणून ओळखली जायची आणि तिला निष्काळजी म्हणवून घ्यायचं नव्हतं. बस्स, इतकंच.

त्या शनिवारी काकांनीही चार टोकं कापली होती आणि मोजली नव्हती. त्यामुळे तुकडा त्यांचाच, याबद्दल त्यांना कधी शंकाच आली नाही. काकूंनाही नाही. "स्वतःच्या पोरीला काचा पेरलेल्या टेबलाशी बसवलंत," हे वाक्य काकूंनी हॉस्पिटलच्या ओसरीत सगळ्यांसमोर म्हटलं. तिथे तीही होती, थर्मास घेऊन. काका मान खाली घालून उभे होते आणि हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. डॉक्टरीणबाईंनी तुकडा एका छोट्या कुपीत घालून दिला. ती कुपी तेव्हापासून लॅबमधल्या त्यांच्या खणात आहे. तिने ती बघायला कधी मागितली नाही. कारण काकांनी चार कापले होते म्हणजे कदाचित तो त्यांचाही असेल, आणि कुपी उघडली की हा 'कदाचित' संपला असता. एका मापावर विश्वास ठेवला म्हणून विद्यार्थ्यांना तीन-तीनदा परत पाठवणाऱ्या बाईने एकोणीस वर्षांत हे एक माप घेतलं नाही. त्याऐवजी तिने बाकी सगळं केलं. दर रविवारी ठिणगीचा अभ्यास घेतला, तिला पुस्तकं आणली, प्रवेशाचे अर्ज भरले, डोळ्यांच्या तपासण्यांना सोबत गेली. मुलगी तिला मॅडममावशी म्हणायला लागली. आता ती पंचवीस वर्षांची आहे, शेजारच्या संगणक विभागात काम करते, फायबरच्या टोकांच्या फोटोंतले तडे आपोआप शोधणारे प्रोग्रॅम लिहिते. आणि काकांनी ताई म्हणणं सोडून मॅडम म्हणायला सुरुवात केली, पण कुणी मॅडमबद्दल वाकडा शब्द काढला तर 'हं'सुद्धा न म्हणणारा हा माणूस ताडकन म्हणायचा, "त्यांचं नाव नाही घ्यायचं."

पावणेबाराला टेबलावरचा फोन वाजला. "मॅडम, पाहिलंत का माझं?"

"पाहिलं काका. छान झालंय."

"सात नंबरची ठीक आहे ना? ठिणगीनंच फोटो काढून दिला. म्हणत होती, बाबा, नका घालू. पण मला वाटतं पोरांनी बघावं. नुसतं काळजी घ्या काळजी घ्या सांगून कोण ऐकतंय?"

"खरंय." लिफाफ्यावरच्या ऐंशी या आकड्याभोवती तिचं पेन गोल गोल फिरत होतं. मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, रोजचा, समजूतदार आवाज. "फक्त ती कोपऱ्यातली पट्टी आहे ना, ती काढून टाका. उगीच अडगळ वाटते."

"पट्टी होय? ती आपोआप येते हो. काढायला सांगतो की ठिणगीला."

"सुटसुटीत दिसेल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार."

तिने फोन ठेवला. खाली माळ्याची नळी आता दुसऱ्या कोपऱ्यात पोचली होती. सत्तावीसाव्या वर्षी जे झालं त्याला घाई म्हणता आलं असतं, तरुणपण म्हणता आलं असतं. हे सेहेचाळिसाव्या वर्षी, लख्ख उजेडात, माप घेतल्यावर पाऊण तासाच्या आत. तिने विचारही केला नव्हता. जसा डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते, तसं आतलं काहीतरी मिटलं होतं. काकांना पट्टी दिसली नसेल? नुसत्या बोटांनी दोन फायबरांतला फरक सांगणारा माणूस. पण नाही, तिला लगेच कळलं. त्या तुकड्याकडे ते कधी तंत्रज्ञ म्हणून बघतच नव्हते. ते बाप म्हणून बघत होते, आणि बापाला त्यात जाडी दिसत नव्हती, पोरीचा डोळा दिसत होता.

संध्याकाळी नवरा ओट्यापाशी टोमॅटो चिरत होता. तो दातांचा डॉक्टर. चिरतानाही प्रत्येक फोड उजेडात धरून बघायचा. "उद्या तुझ्या काकांचं भाषण ना? मीपण येऊ का? त्यांच्या दोन दाढा मी वाचवल्यात, माझाही थोडा हक्क आहे." ती हसली. "आणि ती ठिणगी असेलच. तू तिच्यासाठी जेवढं केलंस ना, तेवढं सख्ख्या भाचीसाठी नाही केलंस. तुझी बहीण मला ऐकवत असते." तिने पाण्याचा पेला भरला. लग्नाच्या वर्षी एकदा, मग ठिणगीला पदवी मिळाली त्या दिवशी एकदा, अशी दोनदा ती याला सांगायच्या अगदी काठावर आली होती. दोन्ही वेळा वाटलं होतं, याला सांगितलं की तो समजूत घालेल, म्हणेल की तू तेव्हा लहान होतीस, आणि मग तेवढ्यावरच भागेल. "ऐक ना," ती म्हणाली. "मला तुला एक सांगायचंय." तो सुरी हातात धरून वळला. त्याच्या चष्म्यात दिव्याचे दोन छोटे चौकोन होते. "काय?" "उद्या डबा नको," ती म्हणाली. "दुपारी चहापान आहे."

गुरुवारी सव्वातीनला ती सभागृहात पोचली, तेव्हा ठिणगी पुढच्या टेबलाशी वाकून संगणकाच्या तारा जोडत होती. ती उजवीकडून गेली आणि पोरगी दचकली. "मॅडममावशी! किती वेळा सांगितलं, या बाजूने यायचं तर खाकरत या. नाहीतर एक दिवस माझ्या हातून तुम्हाला लागेल." तिने हसत मान डावीकडून पूर्ण वळवली. लहानपणापासून ती अशी अख्खी मान वळवते, पाखरासारखी. शाळेत असताना त्यावरून मुलं चिडवायची, मग तिने स्वतःच विनोद करायला सुरुवात केली आणि चिडवणाऱ्यांच्या हातात काही उरलं नाही. "बाबा मागे येरझाऱ्या घालताहेत. सकाळपासून तीनदा दाढी केलीय. आणि आई येतेय."

"काकू? इकडे?"

"पहिल्यांदा. एकोणीस वर्षांत या इमारतीत पाऊल नाही टाकलं तिने. काल बाबांनी घरी सगळं वाचून दाखवलं, सात नंबरपर्यंत आले नि आवाज बसला. मग तीच म्हणाली, येते मी." ठिणगी थोडा वेळ तारेशी खेळत राहिली. "खरं सांगू? मला ती स्लाइड नकोच होती. मला काही वाटत नाही हो डोळ्याचं, मला दुसरं काही आठवतच नाही. पण आई अजून बोलते त्यांना. मीठ जास्त पडलं तरी गाडी तिथेच जाते. आणि ते ऐकून घेतात. एकदासुद्धा 'पुरे' म्हणत नाहीत. मी एकदा भांडले त्यांच्याशी, तर म्हणाले, बोलू दे तिला, तिचं बरोबर आहे." मग तिने स्लाइड उघडली. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ तुकडा, कोपरा रिकामा. "पट्टी काढली बघा तुम्ही म्हणालात म्हणून. मला ती हवी होती खरं तर. लोकांना कळायला नको का, केवढीशी गोष्ट होती ती? आता तो ओंडक्यासारखा दिसतोय." ती त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. पट्टी नसलेला तुकडा कुठल्याही जाडीचा असू शकतो. कुणाचाही असू शकतो. आता तिला कसलीच भीती नव्हती. ती सुटली होती, आणि सुटल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात; ती मात्र पहिल्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसली आणि हातातल्या कागदावरची वक्त्याची ओळख वाचू लागली. ती तिनेच लिहिलेली होती. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चारपर्यंत सभागृह भरलं. पोरं पायऱ्यांवरसुद्धा बसली होती. काकू मधल्या रांगेत कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून, बसची वाट बघत असल्यासारख्या बसल्या होत्या. तिने ओळख करून दिली, खाली बसली. टाकेकाका आले, त्यांनी आधी माइक बाजूला सारला, मग टेबलावर काळी मॅट अंथरली, तिच्या घड्या तळहाताने मोडल्या, बाटली ठेवली, आणि तेवढ्या हालचालींनीच सभागृह शांत झालं. मग ते बोलले, आणि बोलतच राहिले. विभागप्रमुखांनी दोनदा तिच्याकडे वळून भुवया उंचावल्या. काका म्हणाले, "तुम्ही लोक म्हणता, प्रकाश तंतूतून पळतो. बरोबर. पण जोड आला की तो बिचकतो. आपलं काम एवढंच, की त्याला इथे काही झालंय याचा पत्ता लागू द्यायचा नाही." पोरं हसली. त्यांनी कापून दाखवलं, जोडून दाखवलं, यंत्रातली ठिणगी पडद्यावर मोठी होऊन चमकली. एकूण सात टोकं कापली. मग सातवी स्लाइड आली.

"हा तुकडा माझ्या टेबलावरचा," ते म्हणाले. त्यांचा आवाज बसला नाही. "माझ्या मुलीच्या डोळ्यात गेला. मी तिथेच होतो. पाच दिवस डोळा दुखत होता. डॉक्टरांनी विचारलं, काही गेलंय का, आणि मी नाही म्हणालो. का? तर माझं टेबल साफ असतं. हा माझा गर्व. काच तर गेलीच, पण डोळा त्या पाच दिवसांनी घालवला." मधल्या रांगेत काकूंनी पर्सवरची बोटं सैल केली आणि परत आवळली. "म्हणून आपण इथे मोजतो. पोरं नक्कल करतात, मला माहीत आहे. करा. पण मोजा." ते थांबले, पाण्याचा घोट घेतला. "आणि एक सांगायचंय. त्या वेळी मला घरचंसुद्धा कुणी जवळ करत नव्हतं. तेव्हा मॅडम आल्या. माझ्या मुलीला त्यांनी शिकवलं, उभं केलं. माझी चूक होती, ती निस्तरली त्यांनी." कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. विभागप्रमुख तिच्याकडे वळून टाळ्या वाजवत होते. संगणकाशी उभी असलेली ठिणगी अख्खी मान वळवून तिच्याकडे बघत होती आणि हसत होती. टाळ्या तिच्या अंगावर येत राहिल्या आणि तिला वाटलं, आता उठून इथून बाहेर पडावं, जिना उतरावा, पायऱ्या मोजाव्यात. अठ्ठावीस आहेत. पण काकांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. त्यांनी चिमटा तिच्या दिशेने धरला. "आता रीत. मी सात कापले. मॅडम, तुम्ही मोजा."

ती उठली. टेबलापर्यंत नऊ पावलं होती. तिने बाटलीतले तुकडे एकेक करून मॅटवर घेतले. चिमटा हातात स्थिर होता, तो नेहमीच स्थिर असायचा. "सात कापले," ती म्हणाली, "सात बाटलीत."

"बसा मॅडम," काका हलकेच म्हणाले.

ती बसली नाही. पडद्यावरचा तुकडा तिच्या डोक्याच्या वर होता, भला मोठा, कुणाचाही. "ठिणगी," ती म्हणाली, "त्या चित्रावर पट्टी परत लाव."

"आत्ता?"

"आत्ता."

दोन क्षण कळफलकाचा आवाज आला आणि कोपऱ्यात पांढरी रेघ उमटली. पायऱ्यांवर बसलेल्या एका मुलीने मान वाकडी केली, अंगठा आणि बोट यांच्यात हवेतच अंतर धरलं, तुकड्यावरून पट्टीवर नेलं, परत आणलं. काकांचे डोळे पडद्याकडे गेले आणि या वेळी, तिने पाहिलं, ते तंत्रज्ञाचे डोळे होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आता ते विचारतील, आणि विचारल्यावर सांगणं वेगळं. तिने चिमटा मॅटवर ठेवला.

"काका, हा तुमचा नाही. तुमचं फायबर पट्टीपेक्षा जाड दिसलं असतं. हे ऐंशीचं आहे, माझ्या रिळातलं. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं, आणि मी बघितलं नाही. काल बघितलं, तर पट्टी काढायला सांगितली." तिचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जात होता, हे तिला जाणवत होतं. मधल्या रांगेत काकू उभ्या राहिल्या होत्या. ती त्यांच्याकडे वळली, मग ठिणगीकडे, तिच्या डाव्या बाजूने, दिसेल अशी. आणि लॅबमध्ये एकोणीस वर्षं उभं राहून सांगतात तसं, हात बाजूला सोडून, मोठ्याने म्हणाली,

"त्या शनिवारी तुमच्या आधी त्या टेबलावर मी होते. अकरा कापले. दहा बाटलीत."